सतराव्या सेंटीमीटरवर घर

शिंप्याच्या टेबलावर त्या सकाळी कापड नव्हतं, पृथ्वीचा गोल होता. गिऱ्हाइकांना त्याने सरळ उद्या यायला सांगितलं होतं.

त्याची लेक आज पहिल्यांदा मोठं विमान चालवत होती, सहवैमानिक म्हणून. दूरच्या एका विमानतळावरून आपल्या घड्याळाने पहाटे तीनला उडायचं आणि बारा तासांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला उतरायचं, मध्ये थांबा नाही. दोन वर्षांत ती घरी आली नव्हती. आणि शिंप्याच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं, की विमान आपल्याच घरावरून जाणार आणि आपण ते बघणार.

"दाजी, वेड लागलंय तुम्हाला," मेहुणा म्हणाला. तीस वर्षं मोजणी खात्यात जमिनी मोजलेला माणूस. भिंतीवरच्या नकाशावर त्याने पट्टी टेकवली. "ही सरळ रेघ. विमान खाली समुद्रावरून जाणार. आपला काय संबंध?"

"तू सपाट जमीन मोजणारा. पोक आलेल्या माणसाचा कोट मी टेबलावर मापत नाही, त्याच्या पाठीवर टेप धरतो. पृथ्वीला तर सगळीकडूनच पोक आहे!"

त्याने दहाव्यांदा गोलावर दोरा ताणला. दोरा आपणहून वर सरकला आणि त्यांच्या गावावर बसला.

"पूर्ण दोरा चोवीस सेंटीमीटर, प्रवास बारा तास. सेंटीमीटरला अर्धा तास. घर सतराव्यावर. म्हणजे साडेअकरा! पोरीला कालच कळवलंय."

"ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणे, बाबा, वाट वाऱ्यावर ठरते."

सव्वाअकराला तिघं गच्चीवर होते. शिंप्याने लाल अस्तराचा अख्खा तागा उलगडला.

"अहो, एवढ्या उंचावरून तिला काय दिसणार?" बायको म्हणाली.

"नाही दिसलं तर नाही. तू ते टोक धर."

साडेअकरा वाजले. आकाश कोरं. अकरा पस्तीस. मेहुणा नुसताच खाकरला.

"पंधरा मिनिटांची माया ठेवलीये," तो म्हणाला, "शिवणीत जादा कापड ठेवतो तशी."

अकरा बेचाळीसला बायको किंचाळलीच. डोक्यावर, कापडावर खडूने आखावी तशी पांढरी रेघ सरकत होती. तिघांनी हात दुखेपर्यंत तागा हलवला. मेहुणा तर सगळ्यात मोठ्याने ओरडत होता.

जिना उतरताना मात्र तो म्हणालाच, "पण दाजी, ते तिचंच कशावरून?"

शिंपी फोन समोर ठेवून बसला. जेवणही त्याला गेलं नाही.

सव्वातीनला फोन वाजला. लेकीचा निरोप होता: 'उतरले. अकरा बेचाळीसला आपल्या गावावर होते, बारा मिनिटं उशीर झाला बाबा. कॅप्टन विचारत होते, खाली कुणाला हात करतेस?'

मेहुण्याने तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "दाजी, परत कधी जाणार ती आपल्या गावावरून?"

शिंप्याने गोलावर दुसऱ्या टोकाकडून दोरा धरलासुद्धा होता.