दाता अज्ञात

“लोकांना म्हणावं घरातलं जुनं काहीतरी द्या, तर हे इस्त्र्या देतात! अकरा झाल्या. आता बारावी कुणी आणली ना, तर तापवून त्याच्याच शर्टावरून फिरवीन. शर्ट अंगात असताना.”

नोंदवहीच्या बाई हे कुणालाच म्हणत नव्हत्या. कोर्टात टायपिस्ट म्हणून जन्म गेला, माणसांशी बोलायची सवय राहिली नव्हती. जे काय बोलायचं ते टेबलाशी. शेजारच्या खुर्चीवर बसून वहिनी वस्तूंना लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या. दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती. तरी बाईंनी मान वळवली नाही आणि वहिनींनी वर पाहिलं नाही.

शहराचं हे संग्रहालय म्हणजे पाणीपुरवठ्याची जुनी कचेरी. खाली दोन खोल्या, वर तीन, मध्ये सतरा पायऱ्यांचा दगडी जिना. पगारी माणूस एकच, कुलूप उघडणारा आणि लावणारा. बाकी सगळे आमच्यातुमच्यासारखे निवृत्त, ज्यांचं घरी कुणी ऐकत नाही असे. त्यांचे अध्यक्ष एक दंतवैद्य. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. समोरच्याला दुखू नये म्हणून गोड बोलत राहण्याची त्यांची सवय दवाखाना बंद केला तरी सुटली नव्हती.

वहिनी इथल्या मूळच्या नव्हेत. मूळचे त्यांचे यजमान. त्यांना सगळं गाव लिफ्टवाले म्हणायचं. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी इथे येणाऱ्यांना खालीवर फिरवून गोष्टी सांगितल्या. त्यातल्या निम्म्या खऱ्या असत. अकरा महिन्यांपूर्वी, वस्तुदान दिनाच्या गर्दीत, शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा एक घोळका घेऊन खाली येताना ते जिन्यावरून पडले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांचा जीव गेला. जन्मभर लोकांना जिन्यापासून वाचवलं आणि स्वतः जिन्यानेच गेले, हा विनोद कुणी केला नव्हता. ते असते तर त्यांनीच पहिल्यांदा केला असता.

“चक्कर आली हो,” डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. “क्षणात झालं. त्यांना कळलंसुद्धा नसेल.”

दवाखान्यातून वहिनींच्या हाती एक पिशवी आली. घड्याळ, किल्ल्या, रुमाल, एक बूट. दुसरा बूट नंतर मिळाला. चष्मा नव्हता. “गर्दीत कुठे गेला कुणास ठाऊक,” डॉक्टर म्हणाले.

महिन्याभराने वहिनी आपण होऊन संग्रहालयात आल्या आणि म्हणाल्या, काही काम असेल तर द्या. शर्टांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काज करून हाताला बारीक कामाची सवय झालेली, अक्षर मोत्यासारखं. डॉक्टरांनी त्यांना चिठ्ठ्या लिहायला बसवलं, खुर्चीवर उशी आणून ठेवली. सगळे फार चांगले वागत होते. इतकं चांगलं, की एखाद्या घरात काच फुटली आहे आणि पाहुण्याने अनवाणी फिरू नये म्हणून सगळे त्याला हसतहसत एकाच खोलीत बसवून ठेवतात, तसं.

तिसऱ्या महिन्यात त्यांना काच सापडली. खालच्या खणात, कापसावर. काळ्या जाड काड्यांचा चष्मा. उजव्या काडीचा स्क्रू पडला होता म्हणून तिथे निळा दोरा गुंडाळलेला, आणि दोऱ्याला काजाचा टाका. तो टाका त्यांचा स्वतःचा होता. रविवारी दुपारी, “दुकानात नेईपर्यंत चालेल” म्हणून घातलेला. डाव्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक पांढऱ्या शाईत एक आकडा होता, चारशे बारा.

त्यांनी नोंदवही उघडली. वस्तुदानाच्या दिवशी कोण आधी आलं यावरून भांडणं नकोत म्हणून बाईंनी प्रत्येक नोंदीपुढे वेळ घातली होती. चारशे बारा : चष्मा, पुरुषाचा. दाता अज्ञात. दोन वाजून चाळीस मिनिटं. दवाखान्याच्या कागदावर पडल्याची वेळ तीन वाजून दहा मिनिटं होती.

म्हणजे अर्धा तास. लिफ्टवाल्यांनी कुणाशी तरी बोलता बोलता चष्मा काढून टेबलावर ठेवला असणार. डोळे पुसायची त्यांची सवयच होती, हसले की पाणी यायचं. लोक त्या दिवशी वस्तू टेबलावर टाकून नाव न सांगताच निघून जात होते. टेबलावरचं सगळं ट्रेमध्ये, ट्रेमधलं सगळं वहीत. या माणसांच्या हातून दुसरी कुठली चूक झाली असती तर नवल. हीच व्हायची होती.

वहिनींनी वही मिटली, खण लावला आणि उरलेल्या नऊ चिठ्ठ्या लिहून पूर्ण केल्या. रडू आलं नाही. रागही आला नाही. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं होतं सगळं. घरी त्या उभ्याउभ्या जेवत. एकदा उकळत्या पाण्याचं भांडं हाताने उचललं, तर कातडी लाल झालेली पाहूनच कळलं, की गरम होतं. मुलगी दूर राहायची. फोनवर म्हणायची, “आई, तू तिथेच का जातेस गं? दुसरीकडे कुठेही जा. भजनी मंडळात जा, पोहायला जा.”

“पोहायला? मला?” वहिनी म्हणत. “तिथे बरं आहे. चिठ्ठ्या लिहिते.”

खरं कारण त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की हे चष्म्याचं कुणीतरी त्यांना येऊन सांगावं. आपण विचारलं तर सांगतील, मान खाली घालून, नाइलाजाने. पण उपटून काढलेलं उत्तर काय कामाचं? ते डॉक्टरांनी काढलेल्या दातासारखं, हातात येतं आणि भोक मागे राहतं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आपण होऊन तोंड उघडावं, म्हणून त्या आठ महिने दर शनिवारी उशीवर बसून होत्या. आणि सगळे मूग गिळून त्यांना बिस्किटं देत होते.

आजचा कार्यक्रम डॉक्टरांच्या डोक्यातून निघाला होता. ज्या वस्तूंचा दाता किंवा उपयोग माहीत नाही, त्या सगळ्या टेबलांवर मांडायच्या आणि गावाला बोलवायचं. ज्याला ओळखता येईल त्याने कागद भरून द्यायचा. वस्तू काय, कुणाची, इथे कशी आली. डॉक्टरांनी वहीवरून ‘अज्ञात’ लिहिलेल्या सगळ्या वस्तूंची यादी काढली. चाळीस निघाल्या. छापून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तेविसावी वस्तू कोणती आहे. पण ती वगळायची तर कारण द्यायला हवं होतं, आणि कारण वहीत लाल शाईने, सहीसकट लिहायचं हा नियम त्यांनी स्वतःच केला होता.

त्यामुळे तेविसावी चिठ्ठीही वहिनींनीच लिहिली. ‘चष्मा. पुरुषाचा. उजव्या काडीला निळा दोरा. दाता अज्ञात.’ दोरा हा शब्द नीट बसला नाही म्हणून त्यांनी ती पुन्हा लिहिली.

सकाळी मांडामांड चालली होती तेव्हा डॉक्टर टेबलाशी घुटमळले. चष्म्याचा कापूस दोन बोटांनी उचलला.

“इथे जरा दाटीच होतेय, नाही? हे एक आत ठेवू का? म्हणजे काय आहे, चष्मे काय, सगळ्यांकडेच असतात. त्यात ओळखायचं काय?”

“यादीत आहे,” बाई टेबलाला म्हणाल्या. “यादीतलं टेबलावर.”

“हो, पण बाई...”

“मग कारण लिहा. वही तिथे आहे.”

डॉक्टरांनी वहीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि कापूस पुन्हा होता तिथे ठेवला. “असू दे, असू दे. चहा आला का बघतो.” ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस जसा जातो तसे गेले.

अकरा वाजता लोक यायला लागले. एका लाकडी दांड्यावरून चांगलीच जुंपली. त्याला एका टोकाला वाटोळा गोळा होता. एक आजी म्हणाल्या, बटाटे ठेचायचा. त्यांचे यजमान म्हणाले, पाठ रगडायचा. “तुम्हाला सगळं पाठीचंच दिसतं,” आजी म्हणाल्या. “उभ्या जन्मात एक बटाटा ठेचला असतात तर कळलं असतं.” तिसऱ्याने सांगितलं, टोप्या शिवणारे आतून आकार द्यायला वापरायचे, माझ्या वडिलांकडे होता. त्याने कागद भरला. बाईंनी वहीत लाल शाईने लिहून घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजींनी सोडून.

वहिनी कागद देत होत्या, पेन देत होत्या. “इथे सही करा. नाही, तिथे नाही, खाली.” त्यांना आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. चष्म्यापाशी लोक थांबत नव्हते. एकीने उचलून डोळ्यांना लावला, “अगं बाई, केवढा नंबर!” म्हणून लगेच ठेवला.

साडेबाराच्या सुमाराला न्हावी आला. बाजूच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळत ठेवून पाच मिनिटांसाठी आलो, असं दारातूनच ओरडून सांगत तो आत शिरला. टेबलांवरून झरझर नजर फिरवत गेला आणि थांबला.

“अरेच्चा! हा तर आपल्या लिफ्टवाल्यांचा!”

डॉक्टर बशी घेऊनच पुढे आले. “एकसारखे असतात हो चष्मे. त्या काळात सगळे तसलेच...”

“आणि दोराही एकसारखा? डॉक्टर, वीस वर्षं केस कापलेत मी त्यांचे. दर महिन्याला हा माझ्या वरच्या खिशात ठेवायचे. चष्मा काढला की आरशात बघून मला विचारायचे, समोर ते कोण सद्गृहस्थ बसलेत रे? स्वतःचं तोंड दिसायचं नाही त्यांना! त्यांच्याशिवाय तो आणि त्याच्याशिवाय ते, दोघंही...”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो माणूस. बोलण्याच्या ओघात त्याने सभोवार पाहिलं आणि टेबलाच्या टोकाला वहिनी दिसल्या. मग समोर कोरा कागद होताच म्हणून, काय करावं ते न सुचून, तो खाली वाकून भरायला लागला. वस्तू काय : चष्मा. कुणाची : त्याने लिहिलं. इथे कशी आली. तिथे पेन अडलं. त्याने ती ओळ मोकळी ठेवली, कागद बाईंच्या पुढे सरकवला आणि “साबण वाळला असेल,” असं पुटपुटून निघून गेला.

खोलीत सात-आठ माणसं होती. आजींनी बटाट्याचा दांडा छातीशी धरून ठेवला.

“बाई,” डॉक्टर हळूच म्हणाले, “ही नोंद उद्या करू. सोमवारी करू. सावकाश.”

बाईंनी वहीचं पान काढलं. चारशे बारा. लाल पेनाचं टोपण काढलं. ‘अज्ञात’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली, पट्टी लावून. वर नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात, वस्तू कशी आली तिथे, पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरत मोठा होत गेला. एकोणीस वर्षांत त्या वहीत कधी डाग पडला नव्हता.

वहिनी तो ठिपका बघत होत्या. आता रकान्याची बाहेरची रेघ गाठेल, त्यांच्या मनात आलं. बाकी काहीच मनात आलं नाही.

“बाई, अहो, शाई...” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्ची मागे सारली आणि मान वळवली. टेबलाकडून काढून घेतलेली नजर कुठे ठेवायची हे त्यांना नीट जमत नव्हतं. आधी वहिनींच्या हातांवर ठेवली, मग चेहऱ्यावर.

“चक्कर आली नव्हती, वहिनी,” त्या म्हणाल्या. आवाज टायपिस्टचा होता, एक एक अक्षर सुटं. “त्यांना पायरी दिसली नाही. चष्मा माझ्या ट्रेमध्ये होता. तीनदा आले विचारायला, बाई, माझा चष्मा बघितलात का. तिन्ही वेळा मी मान वर न करता नाही म्हटलं. मी त्याच्यावर नंबर घालत होते.”