एकतीस तारखेच्या बायका

शिरगणतीची तारीख ठरवणाऱ्या साहेबांनी कॅलेंडर नीट पाहिलं असेल, पण या शहरातली घरं आतून पाहिली नसावीत. पाहिली असती तर मार्चची एकतीस निवडण्याची त्यांना हिंमतच झाली नसती. पण साहेबच ते. दर दहा वर्षांनी हीच तारीख, म्हणून याही वेळी हीच.

त्या सकाळी मास्तरीणबाईंच्या घरात चहा उकळत होता, धाकटा पोरगा मोजा सापडत नाही म्हणून भोकाड पसरून बसला होता आणि जेवायच्या टेबलावर पांढऱ्या कागदांचा गठ्ठा पडला होता. बाई चौथीच्या वर्गाला शिकवायच्या. शाळेला सुट्टी देऊन सगळ्या शिक्षकांना मोजणीला जुंपलं होतं. सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी, म्हणून बाईंनी पहिला कागद पुढे ओढला.

"लिही," त्यांचा नवरा म्हणाला. तो छापखान्यात फोरमन होता आणि कागद दिसला की त्याला सूचना द्यायची खोड होती. "आई, मी, तू, दोन पोरं. पाच."

"आणि जाऊबाई?"

"आज आहे का ती घरात? तुझा नियम काय म्हणतो?"

नियम बाईंना तोंडपाठ होता. एकतीस तारखेला जो माणूस जिथे असेल तिथे त्याला मोजायचं. आणि थोरली जाऊ पहाटेच चहाची भांडी घासून, पोरांचे डबे भरून, कापडी पिशवी घेऊन बाहेर पडली होती.

ही थोरली म्हणजे फोरमनच्या मोठ्या भावाची बायको. मोठा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. अशा बाईचं काय करायचं ते शहराने पूर्वीच ठरवून टाकलं होतं. उरलेल्या भावांनी तिला पाळीपाळीने ठेवायचं, एक महिना या घरी, एक महिना त्या घरी. महिना म्हणजे तीस दिवस, हेही कुण्या शहाण्याने ठरवून ठेवलेलं. मग एकतिसावा दिवस कुणाचा? हा म्हणतो, माझे तीस भरले. तो म्हणतो, माझी पाळी उद्यापासून. म्हणून त्या दिवशी बाई सकाळी एका घरातून निघायची आणि दुसऱ्या घरात दुसऱ्या दिवशी शिरायची. फेब्रुवारीत दोन दिवस कमी पडतात, ते मात्र तिला कुणी कधी भरून दिले नाहीत. मोजताना माणसं कशी चोख असतात बघा.

मधल्या वेळात ती कुठे जाते, हे बाईंनी नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. जात असेल कुणा मैत्रिणीकडे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. धरून ठेवणं सोयीचं होतं.

"उद्यापासून धाकट्या भावाची पाळी, त्याच्याकडे लिहितील तिला," सासूबाई आतून म्हणाल्या. "तू कशाला उगाच डोकं शिणवतेस?" सासूबाईही विधवाच होत्या. पण खोली त्यांच्या नावावर होती, आणि खोली नावावर असली की आई पाळीत येत नाही.

फोरमनने आवाज खाली आणला. "आणि हे बघ. ही इमारत पडणार, नवी बांधणार. आजच्या यादीत ज्याचं नाव, त्यालाच नव्या इमारतीत पाय ठेवायचा हक्क. तिचं नाव लागलं की दादाचा वाटा उभा राहिला. मग ती कायमची आपल्या गळ्यात. आहे कबूल?"

बाईंना बरं वाटलं नाही. पण खरं सांगायचं तर फार वाईटही वाटलं नाही, कारण त्यांना उशीर होत होता. त्यांनी पाच नावं लिहिली, नवऱ्याची सही घेतली आणि कागद पिशवीत टाकला.

कोपऱ्यावर तपासनीस उभा होता. हा हसतमुख, पोट सुटलेला गृहस्थ पंचवीस वर्षं माणसांचे आकडे हाताळून माणसांबद्दल निवांत झाला होता. त्याने सगळ्या शिक्षकांना शेवटचा दम दिला.

"एका कागदावर एकच दुरुस्ती. तीही मोजणाऱ्याच्या सहीनिशी; माणसांचा आकडा बदलला तर घरच्या कर्त्याचीही सही हवी. दुसऱ्यांदा खाडाखोड दिसली की कागद बाद, आणि त्या घराचं नाव यादीतून साफ! आणि या वेळी एक नवीन काम आहे. दुपारी सरकारी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातले बाकही मोजायचे. बेघर लोक तिथे बसतात म्हणे. त्यांच्यासाठी हे गुलाबी कागद."

"साहेब, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "मागच्या पुस्तिकेत वाचलं. आपल्या जिल्ह्यात पन्नाशीपुढे शंभर पुरुषांमागे बायका फक्त एकाहत्तर. असं का?"

"मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलंय त्यावर. कुणी म्हणतं पाण्याचा दोष, कुणी म्हणतं हवेचा. आपण मोजायचं, बाई. कारणं शोधायचा भत्ता मिळत नाही."

सकाळभर बाई चार मजले चढल्या-उतरल्या. शिंप्याच्या बायकोने स्वतःचं वय पस्तीस सांगितलं आणि मोठ्या मुलीचं सव्वीस. बाईंनी नुसतं वर पाहिलं, तर म्हणाली, "बरं, लिहा अडतीस, पण हळू आवाजात लिहा." निवृत्त पोस्टमनने कुत्र्यालाही मोजा म्हणून हट्ट धरला. पहिल्या मजल्यावर तीन भाषा बोलणारी तीन बिऱ्हाडं एका नळावर भांडत होती आणि मोजायला कुणी आलं म्हटल्यावर एकदिलाने चौथ्या बिऱ्हाडाच्या तक्रारी सांगू लागली. बाईंना मजा आली. वय, शिक्षण, धंदा, जन्म कुठला, कधी आलात. माणसं चटाचटा रकान्यात बसत होती.

दहाएक घरांत मात्र नावं सांगताना शेवटी किंचित थांबत होती माणसं. "एवढेच ना?" असं बाई विचारायच्या. "आज तरी एवढेच," असं उत्तर यायचं. बाईही खाली रेघ मारून सही घ्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या कागदावर तशीच रेघ होती.

दुपारी त्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात गेल्या. लांबलचक खोली, लोखंडी बाकं, फिनेलचा वास. पहिल्या बाकावर एक दारुडा झोपला होता, त्याला हलवून त्यांनी त्याचं नाव लिहिलं. पलीकडे दोन हमाल होते. आणि शेवटच्या खिडकीजवळ बायकांचा घोळका बसला होता.

धुतलेले कपडे, विंचरलेले पांढरे केस, मांडीवर विणकाम. मधल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून डबे उघडले होते आणि हसणं चाललं होतं. यांतली एकही आजारी दिसत नव्हती. एखाद्या लग्नातल्या पाहुण्याच वाटाव्यात अशा त्या बसल्या होत्या.

त्यांच्यात थोरली जाऊबाई होती.

"अगंबाई, तू?" ती म्हणाली आणि डबा झाकायला लागली, जणू चोरी पकडली गेली. मग तिचं तिलाच हसू आलं. "ये, बस. या आमच्या एकतीसच्या मैत्रिणी. वर्षातून सातदा भेटतो. ही शिंप्याची बहीण. ही तुमच्या पोस्टमनची भावजय. त्याने कुत्रा मोजायला लावला असेल ना? दर वेळी लावतो म्हणे."

सकाळीच ज्या घरांखाली त्यांनी रेघा मारल्या, त्या घरांच्या बायका समोर बसल्या होत्या. अकरा जणी.

"इथेच का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"इथे कुणी 'काय हवं' म्हणून विचारत नाही," पोस्टमनची भावजय म्हणाली. "बागेत रखवालदार हटकतो. इथे म्हातारी बाई दिसली की लोकांना वाटतं, असेल काहीतरी दुखणं. आणि मुतारी आहे, सांगायला लाज कसली?"

"आणि रात्री?"

"अगं, बाकं काय वाईट आहेत?" थोरली म्हणाली. "उजाडलं की जायचं त्या घरी. सहाच्या आत गेलं तर धाकट्या जावेला चहाही आयता मिळतो माझ्या हातचा. बरं, आमचं लिहिणार आहेस ना? लिही. गुलाबी तर गुलाबी. नाव सांगू?"

"मला तुमचं नाव विचारायला लावू नका हो," बाई म्हणाल्या आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांना रडू कोसळलं. स्वतःचीच लाज वाटून आलेलं ते रडू होतं.

थोरलीने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "रडून काय होतंय? तू वाईट नाहीस गं. वाईट असतीस तर मला राग तरी धरता आला असता."

बाईंनी डोळे पुसले. दहा जणींची नावं, वयं, कामं त्यांनी गुलाबी कागदावर लिहिली. कामाच्या रकान्यात प्रत्येकीपुढे 'दोन घरांचा स्वयंपाक' असं लिहिलं. मग त्या उठल्या, थोरलीची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चला घरी."

"आज नको. तीस झाले."

"मी मोजायला आलेय ना? मग मोजणं माझ्यावर सोडा."

घरी फोरमन पायावर पाय टाकून पेपर वाचत होता. थोरलीला दारात पाहताच त्याने पेपर खाली ठेवला. "ही आज कशी?"

बाईंनी पिशवीतून सकाळचा पांढरा कागद काढून टेबलावर पसरला.

"सहा लिहिणार आहेस? मी सही करणार नाही, सांगून ठेवतो!"

"ओरडू नका. तुम्हाला पाच हवेत ना? पाचच राहतील."

आणि त्यांनी स्वतःचं नाव खोडलं. एकच सरळ रेघ, वर्गात फळ्यावर आखतात तशी. त्या रेघेवर थोरलीचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'थोरल्या मुलाची पत्नी' लिहिलं आणि बाजूला दुरुस्तीची सही ठोकली.

सासूबाई धावत आल्या. "अगं, वेड लागलं का? स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडतं का कुणी?"

फोरमनचा चेहरा उतरला. "अगं, मग तू कुठे?"

"मी गुलाबी कागदावर. दुपारी दवाखान्यातच होते, नियमात बसतं." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "उद्या तुम्ही गेलात तर एकतीस तारखेला माझी जागा तीच आहे. आजच जाऊन बसते. सवय झालेली बरी."

"मरणाच्या गोष्टी काय बोलतेस! आण तो कागद, सहा करू, दोघींची लिहू."

"आता दुसरी खाडाखोड चालत नाही. कागद बाद होतो आणि घरच यादीतून जातं. सकाळी हा विचार केला असता तर सहा जण सुखाने मावले असते."

थोरली इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे येऊन म्हणाली, "अगं, माझ्यापायी तुझं नको गं..." पण बाईंनी कागदाची घडी घातली होती. संध्याकाळी सहाच्या आत त्यांनी सगळे कागद तपासनीसाच्या हातात दिले. त्याने वरचेवर चाळले. "एक दुरुस्ती, सही आहे, चालेल," म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

सात महिन्यांनी जिल्ह्याच्या लोकसंख्येची नवी पुस्तिका छापून आली. ती छापली फोरमनच्याच छापखान्यात, आणि मुद्रितं तपासली त्यानेच. त्या पानावर एक ओळ होती. दवाखान्यात आढळलेल्या बेघर स्त्रिया: अकरा. त्याच्या हाताखालचा माणूस हळहळला, "काय तरी लोक असतात! आईबहिणींना असं उघड्यावर टाकतात." फोरमनने ओळीखाली बरोबरची खूण केली. त्या दिवशी तो जेवला नाही.

आणि मग मोजणीनंतर तीन वर्षांनी तो दिवस आला. नव्या इमारतीच्या दारात टेबल टाकून कारकून यादी वाचत होता. सामानाच्या हातगाड्या उभ्या होत्या. फोरमनच्या घराची पाळी आली तशी एकेक नाव पुकारलं गेलं. सासूबाई आत गेल्या. दोन्ही पोरं पळत आत गेली. थोरलीचं नाव पुकारलं, तेव्हा तिला ते स्वतःचं आहे हे कळायलाच वेळ लागला. नवरा गेल्यापासून तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती. कारकुनाने खोलीची एक किल्ली तिच्या हातावर ठेवली.

फोरमनही आत शिरला, आणि मागे बाईंना कारकुनाने पट्टी आडवी धरून थांबवलं.

"या कोण?"

"माझी बायको आहे ती," फोरमन परत येऊन म्हणाला.

"यादीत नाही."

"अहो, बारा वर्षं संसार केलाय हिने माझा! दोन पोरं हिचीच. स्वयंपाक, आजारपणं, सगळं हिने काढलंय. असं कसं नाही?"

"सगळे हेच सांगतात, साहेब. घरात राबणं वेगळं आणि यादीत असणं वेगळं. अर्ज करा, चौकशी होईल, वर्ष-दीड वर्ष लागेल." कारकुनाने पेन उघडलं. "तोवर एक लिहून द्या. एकतीस मार्चला या तुमच्या घरात नव्हत्या, तर कुठे होत्या?"

मागे रांग होती. शिंपी होता, पोस्टमन होता, सामान हलवायला आलेला धाकटा भाऊ होता. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे एकाच वेळी आपापल्या हातगाड्यांच्या दोऱ्या तपासायला लागले. कारकून पेन धरून वाट पाहत राहिला.

उत्तर दिलं थोरलीने. ती किल्ली मुठीत घेऊन दारातून परत आली आणि बाईंच्या शेजारी, पट्टीच्या बाहेर येऊन उभी राहिली.

"लिहा," ती म्हणाली. "माझ्या जागेवर होती."