चार रंगांत रेडियम

रेडियम एकदा माणसाच्या हाडांत जाऊन बसलं, की मरेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाही. हे गंभीर सत्य रेडियमवाल्याला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही कपड्यांच्या कपाटात उभं असताना.

"हलू नकोस, बाबा," मुलीने बाहेरून दार दाबून धरत फर्मावलं. "हात वर कर. चमकतायत का?"

"नाही गं."

"नखं बघ."

"नखं काळी आहेत. इथे सगळंच काळं आहे."

दार उघडलं. अकरा वर्षांची मुलगी विज्ञानाचं पुस्तक छातीशी धरून उभी होती. धडा तिला तोंडपाठ होता.

"रेडियम हा धातू आहे. किरणोत्सारी. चांदीसारखा पांढरा, पण हवा लागली की काळा पडतो. टनावारी दगड उपसावेत तेव्हा कुठे ग्रॅमभर मिळतो. शरीराला तो कॅल्शियमच वाटतो, म्हणून हाडांत जातो. आणि निम्मा व्हायला त्याला सोळाशे वर्षं लागतात." तिने त्याच्या बोटांकडे बघितलं. "तू तो वीस वर्षं उघड्या हातांनी कापतोयस."

रेडियमवाला वीस वर्षं कापत होता ती प्लॅस्टिकची चिकट, चमकदार पट्टी. गाड्यांच्या नंबरांसाठी, सायकलींच्या मडगार्डसाठी. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात, ते समोरून आलेला उजेड परत फेकतात, एवढंच. तिला रेडियम म्हणायचं कुणी ठरवलं, देव जाणे. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हणून त्यानेही पाटीवर तसंच लिहिलं. रेडियम नावाचा धातू असतो, ही बातमी त्यालाही नवीनच होती.

तो हे सगळं सांगणारच होता. पण तेवढ्यात मुलीने त्याचा हात धरला. गेलं वर्षभर ती रस्त्यात त्याच्या दहा पावलं पुढे चालायची. मागून येणारे हे गृहस्थ कोण, याची जणू तिला कल्पनाच नव्हती. रेडियमवाल्याने उघडलेलं तोंड मिटलं.

पुढचे चार दिवस त्याची चंगळ झाली. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध येऊ लागलं. हाडं खऱ्या कॅल्शियमने भरली की रेडियमला जागाच उरणार नाही, हे तिचं शास्त्र. दुकानात घालायला भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे मिळाले. आणि शाळा सुटली की ती दुकानात येऊन त्याला हाताला धरून घरी आणायची, भर रस्त्यातून.

"मला पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही दूध हवं का म्हणून," बायको म्हणाली. "वर माझे मोजेही गेले. पोरीला खरं काय ते सांगून टाक."

"सांगतो. आज नको."

"लाज नाही वाटत?"

"वाटते की. पण साय घालून आणते गं ती."

पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मुलगी सकाळीच दुकानात आली, त्याच्या हातातले मोजे काढून स्वतः चढवले आणि ब्लेड उचललं.

"ऊठ तू. आजपासून मी कापणार. तू नुसतं गिऱ्हाइकांशी बोलायचं."

"अगं, पण का?"

"माझी हाडं नवी आहेत," ती म्हणाली. "त्यांना चालेल."

मोजे तिला कोपरापर्यंत आले होते. रेडियमवाल्याने हलकेच तिच्या हातातून ब्लेड काढून घेतलं, स्टूल पुढे ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. प्लॅस्टिक, काचेचे मणी, पाटी, सगळं.

"म्हणजे यात रेडियम नाहीच?"

"औषधालासुद्धा नाही."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"कपाटात होतास तेव्हाही?"

"हो."

"मग आत कशाला गेलास?"

"तू जा म्हणालीस."

तिने एक मोजा ओढून काढला, मनगटाने नाक पुसलं आणि बापाचा अंगठा दाबून पाहिला, भाजीवाल्याकडे टोमॅटो बघतात तसा. नंतर तो हात सोडायचा तिच्याकडून राहून गेला.

दाराशी मोटारसायकल थांबली.

"रेडियम आहे का?"

रेडियमवाला तोंड उघडणार, तोच मुलगी म्हणाली, "नाही. जगातच फार थोडं आहे."

गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेलं. तिथे ते चार रंगांत होतं.