मोडलेला मतदारसंघ

वार्ताहर बाई सासऱ्यांच्या खोलीत शिरली आणि सुनेचा जीव टांगणीला लागला. म्हातारे शहराच्या या मध्यभागाचे माजी खासदार. ते इस्पितळात होते तेव्हाच मतदारसंघांची फेररचना झाली आणि त्यांचा अख्खा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं. म्हणून सुनेनं दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यापासून जुन्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांना गप्प राहायला लावलं होतं. वार्ताहर बाईलाही तिनं दारातच विनवलं होतं.

सून दाराआड कान देऊन उभी राहिली. म्हातारे रंगात आले होते. सुरुवातीला म्हणे गोदीवाले आणि बाजारपेठवाले एकमेकांचं तोंड पाहत नसत. पहिले खासदार बाजारातले वकील. त्यांनी कधी मधला पूल ओलांडून गोदीत पाऊल टाकलं नाही. मग गोदीत हमाली करणारी एक बाई उभी राहिली. बाजारातल्या बायकांनी घरी न सांगता तिला मतं दिली आणि वकीलसाहेब आडवे झाले. तिची पोस्टरं चिकटवत फिरलेले सासरे पुढे स्वतः उभे राहिले, दोनदा सपाटून आपटले आणि मग निवडून आले.

"आणि या शेवटच्या निवडणुकीत..." वार्ताहर बाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"शेवटच्या?"

सून गोळ्या घेऊन धावली. म्हाताऱ्यांनी तिला हातानंच थांबवलं आणि वार्ताहर बाईकडून सगळं वदवून घेतलं. गोदी उत्तरेला गेली, बाजार दक्षिणेला, आणि पुलाजवळचं हे घर तिसरीकडेच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सुनेनं नाडी धरली.

"न्हाव्याला ठाऊक होतं?"

"हो बाबा. मीच त्याला बोलू दिलं नाही."

"मतदारसंघ आज आहे, उद्या नाही. पण माझी माणसं माझ्याशी खोटं बोलत नव्हती, सूनबाई. ते तू शिकवलंस त्यांना."

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, की तिच्याशी बोलले नाहीत. ती पुन्हापुन्हा त्यांच्या श्वासाचा कानोसा घेत राहिली.

सकाळी गोदीकडची एक बाई नळाला पाणी नाही म्हणून आली. सवयीनं सून म्हणाली, बाबा झोपलेत.

"जागा आहे मी," आतून आवाज आला.

आता तुम्ही कुठल्या मतदारसंघातल्या, असं त्यांनी त्या बाईला विचारलं. तिला माहीत नव्हतं. तिला उत्तरेच्या खासदाराकडे न्यायला ते उठू लागले, तशी सून घाबरून आडवी आली. जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

"मग तू जा तिच्याबरोबर," म्हातारे म्हणाले. "आणि आल्यावर काय झालं ते खरं सांग."

तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि त्या बाईबरोबर जिना उतरली.