शीतल महाराज आणि टर्बोचा दाह

भोंड्या टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडं होतं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गाड्या आ करून प्रसादाची वाट पाहताहेत. मे महिन्याची दुपार, डांबर टायरला चिकटत होतं. अशा उन्हात यवतमाळकडचा माणूस दाराची कडीसुद्धा काढत नाही. इथं मात्र जत्रा भरली होती. रसवंती होती, नारळवाला होता, आणि मधोमध टिनाच्या मांडवात, निळ्या पडद्यापुढं, शीतल महाराज होते.

"बाबांच्या अंगातून गारवा येते, बाप्पा," पुढच्या ओळीतली बाई मागच्या बाईला सांगत होती. "हात लांब करून पाह्य."

मागच्या बाईनं हात लांब केला. गारवा खरंच येत होता.

महाराजांचा मोठा चमत्कार मात्र गाड्यांचा. मोठ्या डिझेल गाड्या, टर्बोवाल्या, उन्हाळ्यात या चढावर मान टाकायच्या. पाय दाबत राहा, गाडी कण्हत राहणार. त्याच गाड्या महाराजांच्या विधीनंतर सरळ चढून जात. आणि हे खोटं नव्हतं. खोटं असतं तर लोक दुसऱ्याच आठवड्यात घरी बसले असते.

"गाडीलाही जीव असतो, बेटा," महाराज माईकवरून सांगत होते. "जीव आहे तिथं दाह आहे. टर्बो म्हणजे काय? टर्बो म्हणजे तमोगुण. तो गाडीच्या छातीत आग पेटवतो. ही आग गॅरेजवाल्याच्या पान्यानं विझत नाही. कृपेनं विझते."

"महाराज, माह्या ऑटोले होईल का?" गर्दीतून एकानं विचारलं.

"ऑटोला टर्बो नाही, बेटा. ऑटो सात्त्विक आहे."

लोक हसले, महाराजही हसले, आणि ऑटोवाला आपली गाडी सात्त्विक निघाली म्हणून खूश होऊन रसवंतीकडे गेला.

रांगेतल्या एका पांढऱ्या सात-सीटर गाडीत पुष्पा बसली होती. मांडीवर तीन वर्षांची सोनू. रात्रीपासून तिला जुलाब आणि ताप. सकाळी तांड्यावरून निघाले ते दारव्ह्याच्या दवाखान्यात जायला, पण गाडी चढाच्या मध्यावर बसली. शामनं, तिच्या नवऱ्यानं, गाडी हळूहळू मागं घेत पायथ्याशी आणली आणि रांगेत लावली. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन झाला होता. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. मोटारसायकलवर या उन्हात पोरीला उघडं न्यायची पुष्पाची छाती होत नव्हती.

समोर फ्लेक्स लावला होता. महाराजांचा फोटो, खाली गाड्यांचे फोटो, आणि त्याच्याखाली, चौकटीत, पुष्पाचा स्वतःचा चेहरा.

"मी स्वतः बी.एस्सी. आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. — सौ. पुष्पा शाम आडे."

मागच्या महिन्यात हीच गाडी इथंच बसली होती. विधी झाला, गाडी चढली, आणि पुष्पानं मोबाईलवर सगळं टिपून तांड्याच्या ग्रुपवर टाकलं होतं. गंमत म्हणून. बी.एस्सी.चं तिनंच लिहिलं होतं. लग्न झाल्यापासून त्या डिग्रीला कुणी विचारलं नव्हतं. त्या एका व्हिडिओवर मात्र गावागावातून लोकांनी तिला विचारलं, "खरं हाये का, ताई?" आणि तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं होतं, हो, खरं आहे.

आता त्या फ्लेक्सकडे बघवत नव्हतं, म्हणून ती दुसरीकडे बघायला गेली, आणि तिथं जे दिसलं ते त्याहून वाईट होतं.

मांडवाच्या कडेला एक सपाट दगड होता. त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला सात-आठ वर्षांचा पोरगा पडला होता. उशाशी शेजारच्या गावची वच्छलाबाई बसली होती. पुष्पा सोनूला कडेवर घेऊन खाली उतरली.

"मावशी, हा अक्षय ना? काय झालं याला?"

"ऊन लागलं, माय. काल कांद्याच्या वावरात खेळत होता. रात्री बरळाले लागला. सकाळीच आनलं इथं."

"दवाखान्यात नाही नेलं?"

"जावई म्हने, दवाखान्यात नेऊ. म्या म्हटलं, थांब. तुह्या मोबाईलमंदी पाह्यलं होतं ना पोरी. एवढी लोखंडाची गाडी थंडी करते बाबा, हे तं लेकरू हाये." वच्छलाबाईनं पोराच्या कपाळावरची पट्टी उलटी केली. "तू शिकलेली. तू उगीच कायले सांगशीन."

पुष्पानं पोराला हात लावला. फडकं गार होतं, आतलं अंग तव्यासारखं होतं. ओठ फाटले होते. घाम नव्हता.

"पाणी पाजलं?"

"नाई. बाबानं सांगतलं, बाहेरून ओलावा, आतून उपास. पानी पाजलं की दाह आत कोंडते."

तेवढ्यात मागून सासू आली. सुखीबाई गाडीतून उतरून दोन स्वयंसेवकांना घेऊनच आली होती. "पुष्पे, सोनूले पन ठेव इथं. गाडीचा नंबर यायले टाइम हाये. तवरोक पोरीचा ताप उतरून जाईन."

"आई, तिला जुलाब होऊन राह्यले. तिला पाणी लागते."

"अन् गाडी काहून चढली होती मंग? तूच तं दाखोलं होतं साऱ्यायले."

गाडी चढली होती. हे पुष्पानं पाहिलं होतं. जे एकदा डोळ्यांदेखत खरं ठरलं, त्याचं पुढचं सगळं खोटं कशावरून? कॉलेजात तिनं सूत्रं पाठ केली होती, पण पोटच्या पोरीचं अंग हाताला भाजत असताना सूत्र आठवत नाही, भीती आठवते.

"याडी, पाणी," सोनूनं आईला हाक मारली.

पुष्पाच्या हातात बाटली होती. मीठ-साखरेचं पाणी, घरून करून आणलेलं. तिनं झाकण काढलं, आणि थांबली. पाजलं आणि दाह आत कोंडला तर? फार वेळ नाही, एखादं दळण चाळताना हात थांबावा तेवढीच ती थांबली. पोरगी ओठ पुढं करून बाटलीकडे बघत होती. आपण आपल्या लेकराला पाणी द्यायला थांबलो, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि ते पुढं कधी न कळल्यासारखं करता येणार नव्हतं.

आणि लाईन गेली.

माईक खरखरून बंद पडला. महाराजांच्या मागचा निळा पडदा, जो इतका वेळ मंद मंद हलत होता, तो सरळ लोंबकळला. कुठंतरी पाण्याची टिपटिप चालू होती, तीही हळूहळू थांबली. आणि पहिल्या ओळीतल्या बाया पदरानं वारा घ्यायला लागल्या.

"गारवा कुठं गेला वं?" एकीनं विचारलं.

"लाईन गेली ना," दुसरी सहज म्हणाली, आणि मग दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

महाराजांच्या कपाळावरून घामाचा एक ओघळ थेट नाकाच्या शेंड्यावर आला. पुष्पाला वास आला. ओल्या वाळ्याचा. या भागात जन्मलेल्या माणसाला तो वास डोळे मिटून ओळखता येतो. ती पडद्याजवळ गेली आणि तिनं तो बाजूला सारला. मागं लोखंडी कूलर होता, चांगला दणकट, घरच्यापेक्षा मोठा.

"ते महाराजांच्या ध्यानासाठी आहे," एक स्वयंसेवक घाईनं म्हणाला.

पुष्पा हसली नाही. तिनं आधी सोनूच्या ओठांना बाटली लावली. पोरगी घटाघटा प्यायला लागली, तशी पुष्पा म्हणाली, "हळू, थोडं थोडं." मग तिनं वच्छलाबाईच्या हातात दुसरी बाटली दिली. "मावशी, याला उचला. डोकं वर धरा. शुद्धीत गिळतो का बघा, गिळला तरच चमच्यानं थेंब थेंब द्या. नाहीतर नका देऊ. आपण आत्ता निघतोय."

"कशात? गाडी चढत नाई ना तुमची."

पुष्पा कूलरकडे बघत होती. बाहेरची गरम हवा वाळ्याच्या ओल्या ताटीतून आत येते आणि गार होते. ताट्या धुळीनं बुजल्या की कितीही पाणी सोडा, कूलर गरम वारा फेकतो. म्हणून दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ताट्या धुवायच्या.

"अहो," तिनं शामला हाक मारली, "टर्बो काय करतो हो? नीट सांगा."

शाम गांगरला. "हवा दाबते. दाबून दाबून इंजिनात घालते. जास्त हवा, जास्त ताकद."

"हवा दाबली की गरम होते. सायकलच्या पंपाचं बूड किती तापते, हात लावून पाहा. आणि गरम हवा विरळ असते, तिच्यात दम कमी. मग ती गार कोण करते?"

"पुढं जाळी असते ना. इंटरकूलर. वाऱ्यानं गार होते." शाम खाली बघायला लागला. "गॅरेजवाल्या इम्तियाजभाईनं सांगतलं होतं साफ करून घे म्हनून. म्या म्हटलं, बाबा हाये ना."

दोघं गाडीच्या पुढं आले आणि वाकले. जाळीच्या मागं, इंटरकूलरच्या बारीक पट्ट्यांवर, राखाडी गादी बसली होती. दिवाळीनंतर सगळा हंगाम शामनं टपावर कापसाची गाठोडी बांधून जिनिंग मिलच्या फेऱ्या केल्या होत्या. तिथं हवेत तरंगणारी सगळी रुई गाडीनं नाकानं ओढून घेतली होती, वर रस्त्याची धूळ. या टापूतली कुठली गाडी त्यातून सुटली असणार?

पुष्पाला मागच्या महिन्याचा तो विधी एकेक करून आठवायला लागला. गाडी लिंबाच्या सावलीत बंद करून उभी ठेवायची. बॉनेट उघडायचं. एसी वर्ज्य. कडुलिंबाच्या डहाळीनं गाडीचं "नाक" झाडायचं, त्यावर तीन घागरी तीर्थ. आणि सवाऱ्यांनी पापाचा भार उतरवून पायी चढ चढायचा. सगळं तिच्या व्हिडिओत होतं. तिनं फक्त घागर पाहिली होती.

"एक बादली पाणी आणा," ती म्हणाली.

"तीर्थ नंबरानंच मिळते," स्वयंसेवक म्हणाला.

"तीर्थ नको. रसवंतीवाल्याचं ग्लास धुवायचं द्या."

तोवर लोक गोळा झाले होते. गाडी कधीची उभी होती, इंजिन निवलं होतं. शामनं रुई हातानं ओढली, ती लोकरीच्या लडीसारखी सुटून आली. बारीक राहिलेली पुष्पानं सोनूच्या कपड्यांच्या पिशवीतल्या बाळाच्या ब्रशनं काढली, पट्ट्या वाकू नयेत म्हणून हलक्या हातानं. वरून ग्लास धुतलेलं पाणी ओतलं. खाली काळं-पांढरं पाणी वाहिलं.

"टर्बोचा तमोगुण वाहून राह्यला," ऑटोवाला म्हणाला.

महाराज उठून आले. माईक नसल्यामुळं आवाज बारीक वाटत होता. "मुली, मंत्राशिवाय हात लावलास. गाडी मध्यावर बसेल. मग माझ्याकडे येऊ नकोस."

"मंत्र नाही, तीर्थ नाही," पुष्पा म्हणाली, "आणि पायी कुणी चालणार नाही. मावशी, अक्षयला घेऊन बसा. आई, तुम्हीही. आणखी दोघं बसा कुणीतरी, पोराला वारा घालायला." गाडी खरंच बसली तर मध्यावर दोन आजारी लेकरं घेऊन ती काय करणार होती, हे तिला ठाऊक नव्हतं. पण पाणी द्यायला थांबलेला हात आठवला, आणि ती बसली.

एसी बंद, काचा उघड्या. शामनं गिअर टाकला. पहिलं वळण. मध्यावरचा तो दगड, जिथं सकाळी गाडीनं मान टाकली होती. शामचा पाय जरा अडखळला. "दाबा," पुष्पा म्हणाली. इंजिनाचा आवाज खोल झाला, टर्बोची शीळ वाजली, आणि भरलेली गाडी तो दगड मागं टाकून गेली.

सुखीबाईनं मागं वळून खाली पाहिलं. बरेच लोक आपापल्या गाडीच्या नाकात बोटं घालत होते.

दवाखान्यात सोनूला सलाईन लागलं आणि संध्याकाळी ती बिस्किट मागायला लागली. अक्षयचं तसं नव्हतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "सकाळीच आणायला हवा होता. ऊन डोक्यात गेलंय, मूत्रपिंडालाही मार बसलाय. जगेल असं वाटतं. बाकी दोन दिवसांनी सांगते."

वच्छलाबाई व्हरांड्यात पुष्पाचे दोन्ही हात धरून बसली. "तू होती म्हनून, पोरी. तू नसती तं माहा नातू त्या दगडावरच गेला असता."

पुष्पानं हात सोडवून घेतले. हे ऐकून घेणं सोपं होतं, आणि म्हणूनच ते ऐकून घेता येत नव्हतं.

"मावशी, मी होते म्हणूनच तो त्या दगडावर होता. गाडी काहून चढली, हे मी पाहिलंच नव्हतं. चढली एवढं पाहिलं, अन् साऱ्या जगाला सांगितलं."

वच्छलाबाई म्हणाली, "मंग आमी कोनाचं आयकाव आता? बाबाचं नाई. तुहं पन नाई?"

"माझंही नाही," पुष्पा म्हणाली. "नुसतं शिकलेली आहे म्हणून तर नाहीच. कुणी म्हणालं यानं गुण येतो, तर विचारायचं, कशानं येतो? त्याच्यासंगं आणखी काय काय केलं? एकेक गोष्ट वगळून पाहिली का? जो विचारू देत नाही, त्याच्यापासून आपलं लेकरू उचलून चालू लागायचं. डॉक्टरलाही विचारायचं. चांगला डॉक्टर चिडत नाही."

आत नर्स अक्षयची बाटली बदलत होती. वच्छलाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, दारापाशी जाऊन थांबली. तिथं उभं राहून मोठ्या माणसांना काही विचारायची तिला सवय नव्हती. पदर सारखा केला.

"बाई," ती नर्सला म्हणाली, "हे कायचं पानी हाये? अन् याच्यानं माह्या नातवाच्या अंगात काय होते, ते मले नीट समजावून सांगा."