अझोव समुद्रावर जाऊन आलेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव उतावळा आहे. ज्याच्या पोटात सारखा कढत चहा डुचमळतो आणि ज्याचं अंग आतून काचेचं असतं, त्याला 'शांत राहा' म्हणणं सोपं आहे.

काचेच्या दोन भिंती, मधली हवा काढून घेतलेली, वरून हिरवा पत्रा, असा मी घडलो. कोल्हापुरातल्या एका दुकानातून सत्यभामाबाईंनी मला विकत घेतलं. त्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होत्या. टेबलावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं, असा आमचा दिवस जाई. त्यातला एक लेखक त्यांचा फार लाडका. तो दक्षिण रशियातल्या एका जुन्या बंदरात जन्मला आणि त्याचं घर अजून जपून ठेवलंय, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. ऐकणारे मान डोलवत आणि पुस्तक बदलून निघून जात.

निवृत्त झाल्यावर त्या मला घेऊन कतारमध्ये दोहाला, मुलाकडे आल्या. मुलगा विजय रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर, घर दोहातल्या अल मुंतझा भागात. मला दोहा मुळीच मानवलं नाही. जिकडे बघावं तिकडे खोदलेलं. मेट्रो काय, स्टेडियम काय, 'वर्ल्ड कप येतोय' म्हणून सगळ्या गावाला घाई. बाहेर उन्हाचा तडाखा, आत एसीचा गारठा. सत्यभामाबाई दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत आणि मी ओट्यावर तळमळत असे.

कतारच्या आधीचा फुटबॉलचा वर्ल्ड कप रशियात होता, २०१८ साली. विजय पेठेच्या टीममधून खेळलेला अस्सल कोल्हापूरकर, तो कसला घरी बसतोय! मॅचचं तिकीट असेल त्याला व्हिसा लागणार नव्हता. सून नयनाला रजा नव्हती, म्हणून विजयने स्वतःचं, लेक गार्गीचं आणि आईचं तिकीट काढलं. मॅच शनिवारी, रोस्तोव शहरात. सत्यभामाबाईंच्या लेखकाचं बंदर तिथून गाडीने फार लांब नव्हतं! फुटबॉल कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण सगळ्यात आधी बॅग भरून झाली ती त्यांचीच.

आम्ही गुरुवारी पोचलो. हॉटेलात चहा ओतताना त्या हळूच म्हणाल्या, "उद्याच जाऊया की रे तिकडं."

"उद्या शुक्रवार आहे, आई," विजय मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. "सगळं बंद असणार. सोमवारी जाऊ निवांत. फ्लाइट संध्याकाळी आहे."

आखातात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाच्या अंगात शुक्रवारची सुट्टी मुरलेली असते. सत्यभामाबाईंनी माझं झाकण घट्ट लावून टाकलं. शुक्रवार आम्ही लोळत काढला. मला मात्र क्षणभर चैन नव्हतं.

सोमवारी ते गाव दिसलं. उंचावर वसलेलं, रस्त्यांवर जुन्या झाडांची सावली, खाली अझोवचा उथळ मातकट समुद्र आणि त्याच्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. सत्यभामाबाई गुडघेदुखी विसरून भराभर चालत होत्या. मी पिशवीत आदळत होतो, पण कुरकुर केली नाही. लेखकाचं घर एका बागेत होतं, बुटकं आणि पांढरं. फाटकाला कुलूप होतं.

"आज्जी, इट्स लॉक्ड," गार्गी म्हणाली.

विजयने फाटक हलवलं, हाका मारल्या. शेवटी झाडलोट करणाऱ्या एका बाईने पाटीकडे बोट दाखवलं. विजयने पाटीपुढे मोबाइल धरून भाषांतर वाचलं. सोमवारी बंद. बाकी सगळे दिवस उघडं.

तो मटकन कट्ट्यावर बसला. "आई, शुक्रवारी उघडं होतं गं. आपण लोळत होतो."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "आमचं वाचनालयबी सोमवारीच बंद असायचं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी रजा, तुझी धावपळ. म्हटलं, तुला बरं ठाऊक असणार."

गजांना कपाळ टेकून त्या बराच वेळ त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला उघडून चहा ओतला. चहा वाफाळत होता, पण विजयने तो कट्ट्यावर तसाच ठेवून दिला. मला फार वाईट वाटलं.

"पुढच्या वर्षी परत येऊ, इन्शाल्ला," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन निघालं आणि विजयची रजा गेली. मग करोना आला. सत्यभामाबाई कोल्हापूरला परतल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या. मी दोहातच राहिलो. आता वर्ल्ड कप तोंडावर आलाय, रस्तोरस्ती झेंडे लागलेत. मध्यंतरी नयना मला टाकून द्यायला निघाली, तेव्हा विजयने मला तिच्या हातातून काढून घेतलं. हल्ली कुठेही जायचं ठरलं की तो गार्गीला पुन्हा पुन्हा विचारतो, "तुला नक्की कुठं जायचंय?" ती वैतागते, "बाबा, आय टोल्ड यू!" तरी तो पुन्हा विचारतो.

मित्रांनो, थर्मास आपटू नका, धुऊन झाकण उघडं ठेवून वाळवा, एवढं तुम्हाला कुणीही सांगेल. मला आणखी एक मागायचं आहे. मी बाहेरून गार लागतो, म्हणून आत काय कढतंय ते कुणाला कळत नाही. घरातलं म्हातारं माणूस हळू आवाजात काही म्हणालं, तर हातातलं खाली ठेवा आणि विचारा, "काय म्हणालीस?" त्या गुरुवारी एवढं कुणी विचारलं असतं, तर सत्यभामाबाईंनी त्या घरात पाऊल ठेवलं असतं.