यवतमाळात ढावलो

माझ्या धाकट्या बहिणीचं, निकिताचं सासर ढाणकीजवळच्या तांड्यात आहे. आमच्या उमरखेडकडच्या तांड्यातून मोटरसायकलवर बसलं की चहा निवायच्या आत पोहोचावं, एवढं जवळ. तरी ती माहेरी आली की आमची याडी, म्हणजे आई, दारातच तिच्या गळ्यात पडते आणि दोघी सूर लावून रडतात. आम्हा बंजाऱ्यांत रीतच आहे तशी. सासरी गेलेली मुलगी भेटली की बायका गळ्यात गळा घालून, नावं घेत, चालीवर रडतात. रडून झालं की पदरानं डोळे पुसायचे आणि लगेच विचारायचं, सोयाबीन काढलं का, म्हैस गाभण आहे का.

मी येते पुण्याहून, तीही वर्षातून एखाद्या वेळी. मला बघून याडी म्हणते, आलीस का, हात धू, भाकर थंड होते.

याचा मला फार राग यायचा. मी कॉलेजसाठी पुण्याला गेले, तिथे नाच शिकले आणि तिथेच राहिले. लग्न झालं नाही, होण्याचं लक्षणही नाही. सकाळी सोसायट्यांमधल्या मुलींना नाच शिकवते, दुपारी एकटीच सराव करते. आजारी पडले की मोबाईलवरून खिचडी मागवते आणि ती आणून देणाऱ्याशी गरजेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलते. मला वाटायचं, याडीनं मला मनातून काढून टाकलंय. तिनं एकदा, फक्त एकदा, माझ्या गळ्यात पडून रडावं, एवढंच मला हवं होतं. पस्तिशी ओलांडलेल्या बाईनं असा हट्ट धरावा हे हसण्यासारखं आहे, पण होता.

म्हणून यवतमाळच्या कला महोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा मी ढावलो बसवला. ढावलो म्हणजे आमच्या नवरीचं निघतानाचं रडगाणं. लग्न लागल्यावर ती ओढणीखाली तोंड झाकून, दोन्ही हात दोन बायकांच्या खांद्यांवर टाकून उभी राहते आणि आईला, बापाला, भावाला, गोठ्यातल्या वासरालासुद्धा हाक मारत रडते. माझ्या नाचात खांदे नव्हते. हात त्याच उंचीवर हवेत धरायचे आणि शरीर त्या नसलेल्या खांद्यांवरून घसरत जमिनीवर यायचं. कोरं स्टेज, वाद्य नाही, माझाच आवाज. याडीला फोन केला तेव्हा फक्त एवढंच सांगितलं की माझा नाच आहे, ये. नाच संपला की तिच्याच गाडीत बसून आठ दिवस घरी राहायला जायचं, असंही ठरलं.

महोत्सव म्हणजे आपल्याकडे जसा असतो तसाच. पाहुणे उशिरा आले, मग त्यांचे सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. स्टेजवर लाल गालिचा अंथरला होता. त्यावर पाय सरकत नाही, तो काढा, म्हणून मी भांडले. मंडपवाला म्हणाला, मॅडम, गालिच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही. शेवटी तो काढला, पण निवेदिकेनं सूड घेतला. ‘समकालीन नृत्य, म्हणजे आपल्याला कळलं नाही तरी टाळ्या वाजवायच्या,’ असं तिनं सांगून टाकलं आणि लोक हसले.

याडी तिसऱ्या रांगेत होती. चुलतभाऊ अमरसिंगनं तिला गाडीनं आणलं होतं आणि माझी बॅग आधीच गाडीत टाकली होती. लग्नाकार्यातली जुनी फेटिया, म्हणजे आरशांचा घागरा, घालून आली होती. तिच्या शेजारी कोणीतरी शिक्षिका बसल्या होत्या. मी पडद्याआडून पाहिलं तेव्हा याडी त्यांना पान देऊ करत होती.

दिवे मालवले. मी हात वर केले आणि पहिली हाक घातली, ‘याडी ए’.

दोन-तीन हाकांपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मग अंधारातून उत्तर आलं. ढावलो म्हणणाऱ्या मुलीला आईनं उत्तर द्यायचं असतं, ते याडीनं दिलं. खणखणीत आवाजात, त्याच चालीवर. मी थबकले. डोळे सरावल्यावर दिसलं, तिनं त्या शिक्षिकाबाईंचा गळा धरला होता, कारण हे रडणं एकटीनं रडायचं नसतं, जी शेजारी असेल ती धरायची. बिचाऱ्या बाई आधी आखडल्या, मग त्यांनीही हात टाकला. मी हाक घालत होते, याडी उत्तर देत होती. माझे हात हवेतच होते आणि मला वाटत होतं, झालं, मिळालं. मी घसरले, उठले, पुन्हा घसरले. इतकं चांगलं मी कधी नाचले नव्हते.

टाळ्या थांबेनात. आयोजकांनी विंगेत येऊन हात हातात घेतला. प्रेक्षकांत बाई बसवायची कल्पना फारच अभिनव, म्हणाले. पुढच्या प्रयोगालाही त्या येतील ना, असंही विचारलं. मी हसले आणि घुंगरू नसलेल्या पायांनी तशीच बाहेर पळाले.

याडी गाडीपाशी उभी होती. मला पाहताच तिनं दोन्ही हात पसरले आणि माझ्या गळ्यात पडून रडली. निकिताच्या गळ्यात रडते तशी, नाव घेत, सूर लावून. तिच्या घागऱ्याचे आरसे मला टोचत होते. मीही रडले. मला वाटलं, आता गाडीत बसून उमरखेडपर्यंत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपावं.

मग तिनं डोळे पुसले. अमरसिंगला माझी बॅग खाली काढायला सांगितली. शहरात आली की ती आमची बंजारा बोली सोडून माझ्याशीही वऱ्हाडीच बोलते. म्हणाली, “आज नाही, बाई. ढावलो म्हणून निघालेली पोरगी त्याच दिवशी माघारी येत नसते.”

मी म्हटलं, अगं याडी, तो नाच होता.

“नाच असन तुह्यासाठी. मले त हाक ऐकू आली. पोरीनं हाक मारली त उत्तर द्याव लागते.” तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “इतके साल मी रडलो नाही. कायले रडू? तू गेलीच नव्हती ना. कॉलेजले गेलती. जे गेलीच नाही तिच्या येण्यावर कोण रडते? तुही खाट मी निकिताच्या पोरीलेही देली नाही.”

एवढी वर्षं ती मला हात धू म्हणत होती, घरच्या माणसाला म्हणतात तसं, आणि मी त्याचा राग धरून बसले होते.

“मले वाटलं, बिनढावल्याची राह्यते का काय,” ती म्हणाली. “आता झालं. आता येशीन त फोन करून येजो. पावणीले काही गोडधोड कराव लागते.”

ती गाडीत बसली. मी खिडकीपाशी वाकून विचारलं, मग मी आता कुठं जाऊ?

याडीला तो प्रश्नच कळला नाही. बिदाईला नवरीच्या हातावर ठेवतात तसा तिनं माझ्या हातावर एक रुपया ठेवला, मुठीवर मूठ दाबली आणि म्हणाली, “तुह्या घरी, बाई.”